अण्णांच्या डब्यातली शिट्टी

अण्णा गेले त्या दिवशी चार वाजून गेले तरी माझ्या रेडिओत शिट्टी आली नाही. मला आनंदच झाला. म्हटलं, माझ्याशिवायच जमलं वाटतं अण्णांना एकदाचं! बटण फिरवत लांबचे बारीक बारीक आवाज ऐकत बसलो, आणि तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं... दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

अंबादासअण्णांचं आणि माझं घर भिंतीला भिंत. ते यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करायचे, मी एसटीत वाहतूक नियंत्रक. रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडी मी ‘कंट्रोलर’च. दोघांनाही हौशी रेडिओचा नाद. परीक्षा देऊन लायसन काढलेलं, गच्चीवर तारा ताणलेल्या. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर, पण आम्ही चार वाजता रेडिओवरूनच बोलायचो. बोलण्याआधी माइकवर नखानं दोन टिचक्या मारायच्या, म्हणजे ‘ऐकतोय’. हे पाहून माझी बायको कपाळाला हात लावायची.

आमच्यातलं भांडण एकच, ते म्हणजे त्यांच्या सेटला वीज देणारा सप्लाय. जुना ट्रान्सफॉर्मर जड पण गुणी. तो काढून अण्णांनी तिथं हाताएवढा स्विचिंग रेग्युलेटर बसवला. हे यंत्र वीज सेकंदाला लाखो वेळा तोडतं आणि जोडतं, त्याचा कचरा हवेत उडतो आणि शेजाऱ्याच्या रेडिओत शिट्टी होऊन वाजतो. मी चिडायचो. ते म्हणायचे, “वीज तोडली की ती रडणारच की, कंट्रोलर! तिचं तोंड दाबायचं बघू.” मग सुरू झाला उद्योग. कपॅसिटरचे पाय आखूड केले, सगळं तुपाच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण झाळलं. शिट्टी निम्मी झाली. आणि मग या बहाद्दरानं डब्याचं अर्थिंग लांबलचक वायरीनं थेट मोरीतल्या नळाला नेलं! जेवढी लांब तेवढं चांगलं, हा मागावरचा हिशोब. ती वायरच एरियल झाली आणि शिट्टी दुप्पट. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

वायर तोडल्यावर शेवटी शिट्टीचा एक दोरा उरला होता. सवयीनं मला तो कळायचा. अण्णांनी माइकचं बटण दाबलं की सप्लायवर भार यायचा, शिट्टी दचकून खाली उतरायची आणि पाठोपाठ त्यांचा आवाज यायचा. तेवढा दोरा तोडायला फेराइटची कडी हवी होती, जुन्या मॉनिटरच्या वायरीवर काळी गाठ असते ना, ती. मी भंगारातून शोधून आणली. अण्णा म्हणाले होते, “राहू दे खिशात, उद्या बसवू.”

दिवसकार्य उरकलं. पाहुणे पांगले. आणि एका दुपारी, चार वाजता, माझ्या रेडिओत शिट्टी आली.

मी हललोच नाही. जरा वेळानं ती दचकून खाली उतरली, अगदी तशीच. आता आवाज येणार... पण काहीच आलं नाही. नुसती उतरलेली शिट्टी, कुणीतरी बटण दाबून गप्प उभं असल्यासारखी. ती परत वर चढली तसं माझं बोट आपोआप माइकवर गेलं आणि दोन टिचक्या वाजल्या. शिट्टी बंद.

धावत पलीकडे गेलो. अण्णांच्या लक्ष्मीवहिनी सेटसमोर बसल्या होत्या, हातात माइक, त्यांच्या घरच्या तेलुगूत काहीतरी पुटपुटत. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“भाऊजी, आलं की! टक-टक आलं!”

“वहिनी, हे काय करताय?”

“हे म्हणायचे, हितं दाबलं की पलीकडं जातंय. मला काय बोलायचं कळंना. नुसतं दाबलं. तर उत्तर आलं बघा.”

लायसनशिवाय सेटला हात लावायचा नसतो, हे माझ्या जिभेवर आलं होतं. टिचक्या माझ्या होत्या, हेही आलं होतं. त्या बाईनं कितीतरी दिवसांनी कुंकवाविना कपाळ वर केलं होतं... मी कसा बोलू? अख्खी नोकरी नियमावर बोट ठेवून काढलेला मी, खिशातली कडी मुठीत आवळून म्हणालो, “पोचतंय वहिनी.”

तेव्हापासून रोज चारला मी हजर असतो. शिट्टी येते, खाली उतरते, परत वर चढते, मी दोन टिचक्या मारतो. हे पाप की पुण्य, मला ठाऊक नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही.

परवा भाच्याच्या लग्नाला मी आणि बायको मोहोळला गेलो होतो. घराला कुलूप, रेडिओची पिन भिंतीतून काढलेली. दिवसभर जेवण गोड लागलं नाही. चार वाजले तसा मी मांडवाबाहेर जाऊन उभा राहिलो. वहिनी दाबत असतील, वाट बघत असतील. सगळं खरं सांगून टाकायचं असं ठरवूनच संध्याकाळी त्यांच्या दारात गेलो.

वहिनींनी चहा पुढं केला. म्हणाल्या, “आज उत्तर लवकर आलं, भाऊजी. मी दाबायच्या आधीच.”

मी चहा प्यालो. कडी खिशातच राहिली.