समोरच्याची कणीक

माझ्या पखवाजाच्या खोळीला कुलूप आहे. छोटं, पितळेचं, प्रवासाच्या बॅगेला लावतात तसलं. चावी माझ्या गळ्यात, तुळशीच्या माळेला. आमच्या भजन मंडळातली माणसं हसतात. हसू देत. गिरणीत होतो तेव्हा मी जेवणाच्या डब्यालाही कुलूप लावायचो, तेव्हाही हसायचे. मग ज्यांच्या डब्यातले बांगडे गेले ते हसायचे थांबले.

आमच्या परळ-लालबागला डबलबारी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पण हे बाहेरचं कोणी वाचत असेल तर सांगतो. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, प्रत्येकाची पेटी, पखवाज, झांज आणि मागे कोरस. एकानं म्हणायचं, मग दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. देवाचं नाव घेत घेत एकमेकांची सालं काढायची. पब्लिक बुवाला ऐकायला येतं असं बुवा समजतात. पब्लिक पखवाजाला येतं. हे मी चौथी शिकलेला माणूस सांगतोय, पण कुठल्याही मैदानात जाऊन बघा, लोकांची बोटं मांडीवर कशावर चालतात ते.

पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या बाजूच्या कातड्याला, दर वेळी ओली कणीक थापतात. गव्हाची. त्या कणकेनं डावं अंग घुमतं. कणीक सैल झाली तर आवाज बसतो, वाळली तर टणटण होते, आणि गळून पडली तर पखवाज आणि डालड्याचा रिकामा डबा यात काही फरक उरत नाही. म्हणून माझा नियम असा की कणीक घरची, पाणी घरचं, मळणारं माणूस घरचं. बायको होती तोवर ती मळायची. मग सूनबाई मळायला लागली. मी बाजूला उभा राहून बघायचो. मीठ नको, तेलाचा हात नको. मग ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, आणि डबा माझ्या मांडीवर. दुसऱ्याच्या हाती देत नाही.

हे सगळं उगाच नाही. फार वर्षांपूर्वी फणसवाडीत बारी होती. समोर भायखळ्याचं मंडळ. त्यांचा पखवाजवाला माझ्याच वयाचा, आमच्याच बाजूचा मालवणी माणूस. बारी सुरू व्हायच्या आधी तो मला भेटायला आला, गोड बोलला, चहा पाजला, आणि बोलता बोलता त्याचा हात माझ्या पखवाजावर होता. त्या दिवशी माझं डावं अंग मधेच बसलं. का बसलं ते त्याला माहीत आणि देवाला. मी पुरावा मागत बसलो नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं आणि त्या माणसाचा चहा पुन्हा घेतला नाही. पुढं कितीदा तरी समोरासमोर बसलो. त्यानं चहा पाठवायचा, मी परत पाठवायचा.

आता या माघी गणपतीची गोष्ट. परळला एका चाळीच्या पटांगणात आमची बारी ठरली, समोर तेच भायखळेवाले. हल्ली दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून बारी दुपारीच सुरू करतात. त्याच्या महिनाभर आधीपासून माझ्या घरात काहीतरी चाललं होतं. मी मोरीतून बाहेर आलो की मुलगा आणि सून बोलायचे थांबायचे. सूनबाई ओट्याकडे वळायची, मुलगा मोबाईलमध्ये तोंड घालायचा. एकदा कानावर आलं, "बाबांना कळता कामा नये." काय कळता कामा नये? मी विचारलं नाही. विचारलं की माणसं सावध होतात.

तेवढ्यात आमच्या बुवांचा फोन. बुवा वयानं मला मुलासारखे, पण त्या गादीवर बसतात म्हणून मी अहो-जाहो करतो.

"काका, परळच्या बारीला माझा भाचा येईल. तुमच्या बाजूला बसेल नुसता."

"कशाला?"

"शिकेल तुमचं बघून."

"विम्याच्या ऑफिसात साहेब आहे तो. चाळिशी आली. आता काय शिकणार?"

"काका, तुमचं वय झालं. कधी हात दुखला, चक्कर आली..."

"मला चक्कर येणार आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी फोन ठेवला आणि मुलाकडं बघितलं. तो सुनेकडं बघत होता. माझा हिशोब जुळला. तिघांनी मिळून मला उठवायचं ठरवलंय. मुलाला वाटतं म्हातारा घरी बसावा, बुवांना वाटतं भाचा बसावा. माझी जागा म्हणजे स्टेजवरची एक मांडी मावेल एवढी सतरंजी. पण गिरणी गेली, बायको गेली, तेव्हाही ती सतरंजी गेली नव्हती. ती मी कोणाला फुकट देणार नव्हतो.

बारीच्या दिवशी सूनबाईनं कणीक मळली. मी शेजारी उभा. पाणी माझ्या हातानं ओतलं. पीठ तिनं मोठ्या डब्यातून घेतलं, ज्यातून रोजच्या चपात्या होतात. मळल्यावर कणीक जरा काळपट वाटली. महिनाभर चपात्याही तशाच येत होत्या, खायला खरखरीत. मी तेव्हाच ओळखलं होतं की चक्कीवाला आमच्या दळणात दुसऱ्याचं काहीतरी मिसळतो. त्याला एकदा गाठायचं मनात होतं, पण त्या दिवशी वेळ नव्हता.

पटांगणात पोचलो तर भाचा आधीच हजर. झब्बा नवा, आणि सोबत स्वतःचा पखवाज.

"नमस्कार काका."

"बघायला येताना पखवाज लागतो होय?"

"असू दे म्हटलं, जवळ."

मी वाकून बघितलं. त्याच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली होती. नुसतं बघायला आलेल्या माणसाचा पखवाज कणीक लावून तयार. आणखी काय पुरावा पाहिजे? वर माझ्या डाव्या अंगालाच एक उभा पंखा आणून ठेवला होता, माझं तोंड सोडून पखवाजावर वारा घालणारा. मी पंखेवाल्याला म्हटलं, हा फिरव तिकडं. तो म्हणाला बुवांनी ठेवायला सांगितलाय, तुम्हाला गरम होईल म्हणून. मला गरम होईल याची त्या दिवशी सगळ्यांना फार काळजी होती.

समोरच्या स्टेजवरून भायखळ्याच्या पखवाजवाल्यानं हात वर केला. केस पार गेलेले, पण मान तशीच ताठ. थोड्या वेळानं त्यांच्याकडून चहा आला. मी परत पाठवला. तो तिकडून हसला आणि माझा परत गेलेला चहा स्वतः प्यायला.

पहिली बारी आमची. नमन झालं, अभंग झाला. हात उत्तम चालला होता. कणीक मात्र मला बोलत होती. आधी आवाज गोल होता, मग जरा कोरडा. मी अभंग संपल्यावर पाण्याचं बोट फिरवलं. कडेनं भेगा पडलेल्या दिसल्या. गव्हाची कणीक अशी फुटत नाही, ती च्युइंगमसारखी धरून असते. पण तेवढ्यात बुवांनी गजर उचलला. गजर म्हणजे आमच्या बारीचा जीव. लय चढत जाते, कोरस उभा राहायच्या बेतात येतो, आणि पखवाजवाल्याला मान खाली घालून दौडायचं असतं. मी दौडलो. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. एका मोठ्या तोड्याला मी डावा हात खणकन मारला आणि ती कणीक अख्खी सुटून माझ्या मांडीवर पडली. तुकडे तुकडे होऊन. बाजरीच्या शिळ्या भाकरीसारखी.

डाव्या अंगातून टण असा आवाज आला. मी दुसरी थाप मारली. परत टण. पुढं बसलेल्या बायका हसल्या. बुवांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि मग भाच्याकडं. एवढंच. भाच्यानं आपला पखवाज ओढला, गुडघ्याला लावला, आणि ठेका धरला. चांगला धरला, खोटं कशाला बोलू. गजर पुढं चालू झाला आणि मी त्याच सतरंजीवर पिठाचे तुकडे मांडीवर घेऊन बसलो होतो. फडक्यात थोडी कणीक उरली होती, ती थापून बघितली. चिकटेचना. मला कळलं की आता मी खाली उतरलो तर परत चढणार नाही. कोणी उठवणार नाही, कोणी काही बोलणार नाही. पुढच्या बारीला फक्त फोन येणार नाही.

तेवढ्यात समोरचा उठला. दोन स्टेजच्या मधून, वायरी चुकवत, धोतर धरून तो म्हातारा आमच्या स्टेजजवळ आला. गजर चालू, लोक बघतायत. त्यानं मूठ माझ्यासमोर उघडली. मुठीत ओली कणीक. त्याच्या स्वतःच्या पखवाजाची, अर्धी तोडून आणलेली. बोटांचे ठसे दिसत होते.

"घे. लाव."

मी हात पुढं केला नाही. "ह्यात काय घातलंस?"

"पीठ आणि पाणी."

"आणि?"

"आणि माझ्या बायलेचे हात. अजून काय पायजे?"

मी ती कणीक उचलली, वास घेतला. आंबट नव्हती. मग थोडी तोडून जिभेवर ठेवली. मीठ नव्हतं. पुढच्या बायका आता तोंडाला पदर लावून हसत होत्या. तो मात्र हसला नाही.

"चाटून झाली? कणीक आसा ती, इख नाय."

"तू का देतोस?"

"तुझ्याबरोबर वाजवूक इलंय मी. ह्या भाच्याबरोबर नाय. ह्याका हरवून माझा काय नाव होतला?"

यात कुठं खोट आहे ते मी शोधत होतो. सापडली नाही, आणि शोधायला वेळही नव्हता. मी कणीक थापली, अंगठ्यानं कड दाबली, एक थाप दिली. घुम. मी भाच्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सरक." तो बुवांकडं बघायला लागला. "मामाकडं बघू नको. लय सोडू नको, मी आलो की थांब." समेवर मी शिरलो आणि तो थांबला. व्यवस्थित थांबला, तेवढं त्याला येत होतं. मग मी काय वाजवलं ते मी सांगणं बरं नाही. पब्लिक बसलेलं उठलं एवढं सांगतो.

त्यांची बारी आली तेव्हा मी नीट कान देऊन ऐकलं. अर्ध्या कणकेनं त्याचंही डावं अंग हलकं बोलत होतं. उजव्या हातानं तो भरून काढत होता, घाम पुसत होता, आणि एकदाही त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मला दया आली असं नाही. पण चहा पुन्हा आला तेव्हा मी कप ठेवून घेतला. प्यायलो नाही. ठेवून घेतला.

घरी गेल्यावर मी ते तुकडे सुनेपुढं ठेवले.

"हे कसलं पीठ?"

तिनं मुलाकडं बघितलं. मुलानं मोबाईल खाली ठेवला.

"बाबा, मागच्या रक्ततपासणीत तुमची शुगर वाढलेली निघाली," तो म्हणाला. "डॉक्टर बोलले नुसता गहू बंद करा. नाचणी, ज्वारी, सोयाबीन घालून दळतो आम्ही. बुवांनाही मीच सांगितलं, चक्कर आली तर कोणी बाजूला असावं म्हणून."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर ताट सरकवलं असतं तुम्ही."

"पण कणकेला तरी गहू घ्यायचा," मी सुनेला म्हटलं.

"तुम्ही उभे होतात की समोर. पाणी बघितलंत, मीठ बघितलंत. मला वाटलं पीठ चालतंय तुम्हाला."

मी तुकडे परत फडक्यात गोळा केले. पण घरात काहीतरी लपून चाललंय हा माझा वास खरा होता, एवढं मी त्यांना ऐकवलं. चक्कीवाल्यावरचा संशय मात्र तसाच राहिला. त्याच्याकडं मी आता जास्त लक्ष देतो, कारण आमच्या दळणात नाचणी बघूनही तो मला काही बोलला नव्हता.

पुढच्या बारीला बुवांचा फोन आला. "काका, तुम्हीच. एक गौळण फक्त भाच्याला द्या." मी म्हटलं, बघू. दिली. त्याच्या डाव्या हातावरून नजर मात्र काढली नाही.

आता माझ्या कॉटखाली वेगळा डबा आहे, निव्वळ गव्हाचा, त्यालाही कुलूप. कणीक मी स्वतः मळतो. त्या पुढच्या बारीलाही समोर भायखळेवालेच होते. मी दोघांना पुरेल एवढी मळली, अर्धी वेगळ्या फडक्यात बांधली, आणि बारी सुरू व्हायच्या आधी मधलं अंतर चालून त्याच्यासमोर ठेवली. कोणाचं घेतलेलं माझ्याकडं राहिलेलं मला आवडत नाही.

त्यानं फडकं सोडलं. माझ्याकडं बघितलं, कणकेकडं बघितलं. मग कोपरा तोडून जिभेवर ठेवला आणि डोळे बारीक करून बराच वेळ चघळत बसला.