शीटच्या कोपऱ्यातली ओ

मुंगसेकाका गेल्याचा निरोप मला कंपनीच्या बसमध्ये मिळाला. डांगे चौकातून बस सुटली आणि ग्रुपवर दोन ओळींचा मेसेज आला. आजूबाजूचे सगळे वाचून हळहळत होते. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि चाकण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले... त्याला आता महिना होत आला.

काका आमच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार भागांची मापं एक्सेलमध्ये भरायची आणि भाग पास की नापास ते बघायचं, हे त्यांचं काम. ते सोपं व्हावं म्हणून कित्येक वर्षांपूर्वी त्यांनी पुस्तक समोर ठेवून, चुकतमाकत एक मॅक्रो, म्हणजे शीटमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला होता. सगळ्या शिफ्ट त्याच शीटवर चालायच्या. मी रुजू झाले तेव्हा नवं मापन यंत्र आलं होतं. त्याची आकडेमोड मात्र कंपाइल केलेल्या लायब्ररीत, म्हणजे आतलं काही न दिसणाऱ्या तयार प्रोग्रॅममध्ये, बंद होती आणि काकांच्या जुन्या मॅक्रोला ती वापरता येत नव्हती. साहेबांनी सांगितलं, महिन्याभरात दोन्ही जोडा, नाहीतर शीट बंद. काकांच्या निवृत्तीला तेव्हा वर्ष उरलं होतं. मधला दुवा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी अजून प्रोबेशनवर होते.

"मॅडम, मी हाक मारतोय, पण तुमची लायब्ररी ओ देत न्हाई," काका म्हणाले. "आकडेमोड ऱ्हाऊ द्या. आधी नुसती ओ देऊ द्या तिला."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. लगेच एक फंक्शन लिहिलं, हाक मारली की इंग्रजी अक्षर ओ परत पाठवणारं. शीटच्या कोपऱ्यात टपोरा ओ उमटला. काका आधी बघत राहिले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आवं मॅडम, घरी आईनं हाक मारली की काय म्हणता तुमी?" मी खरं तेच सांगितलं, "येस म्हणते." त्यावर सगळा विभाग हसला. पण ते फंक्शन काकांनी काढू दिलं नाही. रोज सकाळी शीट उघडली की मॅक्रो आधी एक हाक मारायचा. ओ आला की लायब्ररी जागी आहे असं समजून काम सुरू.

खरी आकडेमोड मात्र मुदतीच्या दिवशी, साहेबांसमोरच अडली. मापं पाठवली आणि शीट एरर दाखवून थांबली. चूक माझी होती, मला बघताक्षणीच कळलं. लायब्ररीला मापं देताना ती मेमरीत मांडून ठेवावी लागतात. काम झाल्यावर ती कोणी आवरायची, हाक मारणाऱ्याने की ओ देणाऱ्याने, हे आधी ठरलेलं असतं. मॅक्रोचा रिवाज एक, मी धरला होता दुसराच. ओच्या वेळी मांडायलाच काही नव्हतं, म्हणून निभावलं होतं.

"हे कोणाचं?" साहेबांनी विचारलं. मी वहीकडे बघत राहिले.

"माझ्याकडनं झालं, सायेब. उद्या देतो करून," काका म्हणाले.

कँटीनमध्ये मी त्यांना ते आवरण्याचं समजावलं, चूक कोणाची एवढं वगळून. "म्हंजी उष्टं ताट कुणी उचलायचं, ते," काका म्हणाले आणि माझं ताट आपल्या ताटावर ठेवून उठले. त्यांना सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या दुव्यातला एकच शब्द बदलला. शीट चालली, आजही चालते.

निवृत्तीनंतर ते संत तुकाराम नगरला मुलाकडे आले होते, तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. त्या दिवसाच्या चुकीबद्दल बोलायचं ठरवूनच गेले होते. चहा झाला, त्यांच्या गुडघ्यांचं बोलणं झालं. "ओ देती का अजून?" त्यांनी विचारलं. "देते," मी म्हटलं. चपला घालताना उगाच वेळ लावला... आणि निघाले. तीच शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात शीट नीटनेटकी करण्यासाठी बैठक होती. "हा कोपऱ्यातला ओ कसला? कोणाचा आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझा," मी म्हटलं. आवाज फारच बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं. मग वहीत न बघता सांगितलं की त्या दिवसाची चूकही माझीच होती, काकांची नव्हती. साहेबांना तो दिवस आठवतही नव्हता. "बरं, राहू दे मग," ते म्हणाले.

पहिल्या शिफ्टची शीट आता मी उघडते. कोपरा क्षणभर कोरा असतो... मग ओ येते. मी ती आता मराठीत वाचते.