दुसऱ्या डिस्कच्या जागी

त्या हार्ड डिस्कचा आवाज मी आजही ओळखेन. कट्. मग थोडी शांतता. मग पुन्हा कट्, कुणी सावकाश बोटं मोडावीत तसा. एका सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटर चालू केला आणि तो आवाज ऐकला, तेव्हा मी कान थेट त्याच्या डब्याला लावला.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. नारायणगावात स्टँडपासून जवळच माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. शूटिंग मी करायचो, एडिटिंग मी करायचो आणि सीडीला उशीर झाला म्हणून आलेल्या गिऱ्हाइकांशी भांडायचोही मीच. कॉम्प्युटर एकच. त्यावर मी लिनक्स बसवलं होतं, एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून. धंद्यातले लोक मला वेड्यात काढायचे. काढू देत. त्या सिस्टीममध्ये ‘शुभविवाह’ हा शब्द पडद्यावर नीट उमटावा म्हणून मी महिनोन् महिने घालवले होते. वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसायच्या. एकेक फॉन्ट, एकेक सेटिंग करत ती सिस्टीम माझ्या हाताला बसली होती. ती पुसून पुन्हा नव्याने टाकायची, या विचारानेच मला ताप आला असता.

पण त्या सकाळी काळजी सिस्टीमची नव्हती. अवसरी बुद्रुकच्या एका लग्नाची होती.

लग्नसराईत आमची एक पद्धत असायची. कॅसेटवरचं शूटिंग कॉम्प्युटरमध्ये उतरवलं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. सगळेच तसं करायचे. अवसरीच्या लग्नाच्या कॅसेटींवर तोवर दुसऱ्या दोन नवऱ्या चढून गेल्या होत्या. म्हणजे ते लग्न आता या जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं, त्या कट् कट् करणाऱ्या डिस्कवर.

आणि त्या लग्नाची वाट बघणारी बाई होती नवरीची आई. साखरेच्या आजाराने तिचे डोळे पोखरले होते. ऐन लग्नाच्या आठवड्यात एका डोळ्याचा पडदा सुटला आणि तिला पुण्याला ऑपरेशनला न्यावं लागलं. ऑपरेशन थांबणार नव्हतं, तिथी थांबणार नव्हती. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा आई दवाखान्यात, ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतात तशी, पालथी झोपून होती. तो डोळा काही परत आला नाही. दुसराही मंद होत चालला होता. किती दिवस दिसेल, हे डॉक्टर सांगत नव्हते. तिची मागणी एकच होती, दिसतंय तोवर लेकीचं लग्न बघायचं.

तिचा नवरा दर दोन-तीन दिवसांनी अवसरीहून मंचरमार्गे जीपने यायचा. उंच, हाडकुळा शेतकरी, बोलणं कमी. त्या सकाळीही नेमका आला. मी खोटं बोलायला गेलो असतो तर तोंडावर दिसलं असतं. मी सरळ सांगितलं, “दादा, डिस्क मरायला टेकलीये. तुमचं लग्न तिच्यात आहे.”

 तो बाकड्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “मंग करा काय करायचं ते. मी हितंच बसतो.”

मी कॉम्प्युटर बंद करून ठेवला. मरणाऱ्या डिस्कला उगाच फिरवायचं नाही, एवढी अक्कल होती. पुण्याच्या दुकानदाराला फोन लावून दोन नव्या डिस्क मागितल्या. मला आता एका डिस्कवर भरवसाच ठेवायचा नव्हता. दोन डिस्कची जोडी करायची, जिला रेड म्हणतात. कॉम्प्युटरला ती एकच डिस्क वाटते. तो जे लिहील ते दोन्हींवर उमटतं, एक गेली तरी दुसरी काम चालू ठेवते. दुकानदार म्हणाला, त्या मापाची एकच आहे, ती आत्ता एसटीने पाठवतो, दुसरी उद्या.

झाली ना पंचाईत! जोडी करायची तर दोन हव्यात, आणि जुनी डिस्क उद्यापर्यंत तग धरेल याचा नेम नाही. पण इंटरनेट कॅफेत बसून मी एकदा एक गोष्ट वाचली होती. तेव्हा ती खरी वाटली नव्हती. सिस्टीम नव्याने न टाकता, चालत्या कॉम्प्युटरवर आणि हातात एकच डिस्क असतानाही अशी जोडी बांधता येते. कॉम्प्युटरला सांगायचं, पहिली ही, आणि दुसरीच्या जागी लिहायचं ‘मिसिंग’, म्हणजे गैरहजर.

दुपारी पार्सल आलं. नवी डिस्क जोडली, मशीन सुरू केलं. जुनी लगेच कट् कट् करू लागली. टेबलफॅन तिच्या अंगावर सोडला आणि कॅफेत वाचलेली ती ओळ टाइप केली. दुसऱ्या डिस्कच्या जागी तो शब्द लिहिला. एंटर दाबताना वाटलं, आता शिवी हासडेल. कॉम्प्युटर किती नाठाळ असतो, एक स्वल्पविराम चुकला तरी अडून बसतो. आणि इथे मी त्याला अर्धी जोडी देऊन ती पूर्ण समज असं सांगत होतो.

त्याने मान्य केलं. जोडी तयार आहे, म्हणाला. एक जागा भरलेली, एक रिकामी, आणि तरीही जोडी. मी पडद्याकडे नुसता बघत राहिलो. 

“काय झालं?” शेतकऱ्याने विचारलं.

मी त्याला समजावलं. दोन डिस्क लागतात, एकच आहे. दुसरी यायची आहे, पण तिची जागा धरून ठेवलीये, आणि कॉम्प्युटर ती आहे असं समजूनच काम करणार आहे.

 तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, “म्हंजी सुपारी लावली म्हना की.”

मला त्याच्या लेकीचं लग्न आठवलं. कन्यादानाला नवरीच्या आईबापाने जोडीने बसायचं असतं. बायको हजर नसेल तर माणूस कमरेला सुपारी खोचतो, ती तिच्या जागी. त्या दिवशी मांडवात भावकीने त्याला सांगितलं होतं, चुलता-चुलतीला बसवा, जोडीनं होऊ द्या. हा ऐकेना. “तिची आई जित्ती हाय. तिच्या वाटनीचं मी दुसऱ्याला देनार न्हाई,” म्हणाला, आणि सुपारी खोचून एकटाच पाटावर बसला. मी कॅमेऱ्याच्या मागून ते सगळं पाहिलं होतं आणि माझ्या डोक्यात तेव्हा फक्त हॅलोजनची वायर होती.

मग जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर घ्यायला लागलो. सिस्टीम, फॉन्ट, वेलांट्या, लग्नं. मध्येच एका ठिकाणी सगळं थांबलं. डिस्क कट् कट् करते, पुढे सरकत नाही. पडद्यावर फाइलचं नाव दिसत होतं, अवसरीचीच. मी नास्तिक माणूस, पण माझे हात आपोआप जोडले गेले. शेतकरी उभाच राहिला.  मग आत काहीतरी खरखरलं आणि ओळी पुन्हा पुढे धावायला लागल्या. तो खाली बसला. मीही श्वास सोडला.

संध्याकाळच्या आत कॉपी संपली. मशीन बंद केलं, जुनी डिस्क उपसून बाहेर ठेवली आणि नवी एकटी ठेवून बटण दाबलं. काळा पडदा. आणखी काळा पडदा. आणि मग माझाच शिवनेरीचा फोटो, मी पडद्यावर ठेवला होता तिथेच, तसाच. ‘शुभविवाह’ उघडून पाहिलं. वेलांटी जागच्या जागी. खालची सगळी जमीन बदलली होती आणि वरच्या घराला पत्ताच नव्हता. मी ‘आयला!’ एवढंच म्हणालो. त्याहून चांगला शब्द मला आजही सुचलेला नाही.

अवसरीची फाइल लावली. नवरी बोहल्यावर चढताना दिसली, तसा बाप उठला आणि टोपी घातली. “हाय,” म्हणाला. “हाय बरं का.” आणि मंचरची जीप पकडायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुसरी डिस्क आली. ती बसवली आणि कॉम्प्युटरला सांगितलं, ही घे, जिची वाट बघत होतास ती. पहिलीवरचं एकेक अक्षर दुसरीवर उतरायला लागलं, पडद्याच्या एका कोपऱ्यात टक्के वाढताना दिसत होते, आणि त्याच वेळी वर मी त्याच डिस्कवरचं लग्न कापत होतो, जोडत होतो. मध्ये लोडशेडिंगची वेळ झाली, यूपीएस बोंबलायला लागला, सगळं बंद करावं लागलं. लाइट आल्यावर मशीन सुरू केलं, तर त्याने न सांगता अर्धवट राहिलेलं काम पुन्हा हाती घेतलं. माणसांकडून कामं करून घेताना माझा निम्मा जन्म गेला. इतकं समजूतदार कुणी माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

कन्यादानाचा भाग मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. भटजी मंत्र म्हणतायत, बाप एकटा पाटावर, आणि दर थोड्या वेळाने त्याचा हात कमरेकडे जातोय. चाचपतो, परत मांडीवर येतो. पुन्हा जातो. एरवी असलं मी कापून टाकतो, वाईट दिसतं म्हणून. हे कापलं नाही.

सीडी घेऊन मी स्वतः अवसरीला गेलो. शेजारच्यांचा प्लेअर आणला होता, तो जोडून दिला. बाई टीव्हीसमोर इतकी जवळ बसली की नाक काचेला लागेल. मान एका बाजूला वळवून, ज्या डोळ्यात थोडं दिसत होतं तो पुढे करून बघत होती. हळद, रुखवत, वरात. लेक दिसली की बोट काचेवर ठेवायची. नवरा मागे भिंतीला टेकून बसला होता.

कन्यादान आलं. तिने काचेवरचं बोट काढून घेतलं. मला वाटलं, आता रडेल. पडद्यावरचा हात कमरेकडे गेला, परत आला, पुन्हा गेला.

“हे काय सारखं चाचपताय?” तिने मागे न बघता विचारलं.

“सुपारी व्हती. पडंल म्हनून.”

ती हसायला लागली. खळखळून, खांदे हलवून. “घरात कदी इतकं ध्यान न्हवतं माज्यावर!” आम्हीही हसलो. ती हसतहसतच पडद्याकडे बघत राहिली, तो भाग संपेपर्यंत, आणि मग पदराने काच पुसली, का डोळा, मला नीट कळलं नाही.

“कुठं टाकली ती?” तिने विचारलं.

 त्याने बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. सुपारी तिथेच होती, लग्नापासून. त्याने पुढे सरकून ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने बोटांनी फिरवून फिरवून पाहिली आणि मुठीत धरली.

“ठिवा आता मला परत खिशात,” सुपारी त्याच्यापुढे धरत ती म्हणाली. “म्या पायलं समदं. म्या व्हते तिथं.”

मी प्लेअरची वायर गुंडाळायला घेतली होती. ती म्हणाली, राहू द्या पावणं, पुन्हा लावा. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.