व्हर्सायचे चार दिवस

गुळगुळीत छापील कागदाचा वास आला की मला टूरवाल्याचं ते ऑफिस आठवतं. पिंपळगावच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधून निवृत्त झाल्यावर मी बायकोला पहिल्यांदाच परदेशी न्यायचं ठरवलं होतं. टेबलावर रंगीत माहितीपत्रकं पसरली होती. "काका, बारा दिवसांत सात देश," तिथली मुलगी म्हणाली, "व्हर्सायचा राजवाडा तर दोन तासांत होतो." मी खूश होऊन फॉर्म भरायला घेतला, तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, "पंचवटीतल्या शाळेत तीस वर्षं व्हर्सायचा तह शिकवला मी. दर वर्षी पोर्शन संपवायची घाई. तिथे तरी घाई नको हो." माझा हात थांबला. तिच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या द्राक्षांच्या कामात गेल्या होत्या आणि तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. "बाकीचे सहा देश राहू द्या," मी त्या मुलीला म्हणालो, "आम्हाला फक्त व्हर्सायला चार दिवस राहायचंय." "अहो, कंटाळाल तुम्ही," बायको म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते. आम्ही जाऊन आलो. राजवाड्यातली दालनं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत; पण बागेतल्या कालव्याकाठी सँडल काढून, पाय लांब करून, दुपारभर काहीही न करता बसलेली ती मात्र अजून स्पष्ट दिसते.