बाळूभाऊचं रीवर्क

कंपनीत पार्ट बिघडला की त्याचं रीवर्क, म्हणजे दुरुस्ती होते आणि विषय मिटतो. माणसाचं तसं नसतं राव! आमच्या बाळूभाऊचं एक ऑपरेशन फसलं आणि कँटीनमधल्या जेवणाच्या टेबलाला वर्षभर पुरतील एवढे किस्से जमले.

आमची कंपनी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवते. मी क्वालिटी विभागात, मूळचा लातूरचा. बाळूभाऊ पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, इथल्याच जुन्या गावचा. त्याला हायटस हर्निया झाला. छाती आणि पोटाच्या मध्ये पडदा असतो, त्यातल्या भोकातून त्याचं जठर वर सरकायचं. जेवला की छातीत आग, आडवा झाला की घास घशाशी! डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, जठर खाली ओढून भोक टाक्यांनी आवळलं आणि बजावलं, "तीन महिने वजन उचलायचं नाही."

बाळूभाऊनं हे इतकं मनावर घेतलं की त्याचा डबासुद्धा आम्ही वाहायचो. पाण्याची बाटली पुढे केली की विचारायचा, "भरल्याली हाय का? मग तूच वत तोंडात!"

*

दोन महिन्यांनी आग पुन्हा सुरू. तपासणीत कळलं, टाके सुटलेत, जठर परत वर.

"काही जड उचललंत का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"न्हाई! शप्पत न्हाई!"

शेजारी त्याची बायको, सुमनवहिनी, बसलेल्या. त्या म्हणाल्या, "अवो, यात्रंत माझ्या भावाला न्हाई का उचललं?"

झालं होतं असं, की यात्रेच्या बैलगाडा शर्यतीत मेव्हण्याची बैलं पहिली आली. जिंकलेल्या मेव्हण्याला दाजीनं उचलून गुलालात नाचवायचं, ही त्यांच्या घरातली रीत. मेव्हणा नव्वद किलोचा!

बाळूभाऊ खरोखरच गोंधळला होता. "पण बाई, मेव्हणा म्हंजी वजन व्हय?"

*

आमच्याकडे पार्ट फेल झाला की मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का?' विचारतात. टेबलावर आम्ही कागदच घेतला. टाके का सुटले? मेव्हणा उचलला. का उचलला? बैलं जिंकली. का जिंकली? खुराक तगडा होता. का तगडा होता? बाळूभाऊनं पेंड पाठवली. का पाठवली? वहिनींनी सांगितलं. मूळ कारण: सुमनवहिनी!

या शहाण्या बाळूभाऊनं तो कागद घरी नेऊन दाखवला. पुढे पंधरा दिवस आम्हाला वहिनींच्या हातचा ठेचा मिळाला नाही.

*

दुसरं ऑपरेशन मात्र गमतीची गोष्ट नव्हती. त्या वेळी मीही त्याच्यासोबत गेलो होतो. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, ते सोडवायला वेळ लागतो आणि धोकाही पहिल्यापेक्षा जास्त.

"ह्या टायमाला टिकंल ह्याची ग्यारंटी?" बाळूभाऊनं विचारलं.

"माझ्या टाक्यांची काळजी मी घेते. तुमच्या मेव्हण्याची तुम्ही घ्या!"

तिथे तो हसला. बाहेर पार्किंगमध्ये माझा हात धरून म्हणाला, "भावा, मला फकस्त भाकरी खायाचीय रं. पेज पिऊन पिऊन जीव इटला." मीही घाबरलो होतो.

*

रीवर्कला जाणाऱ्या प्रत्येक पार्टला आम्ही पिवळा टॅग बांधतो. टॅगशिवाय पार्ट पुढे सरकत नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाळूभाऊनं माझ्याकडून तसा टॅग मागून घेतला आणि हॉस्पिटलच्या नावपट्टीशेजारी मनगटाला बांधला. त्यावर लिहिलं होतं, दोष: जठर वर सरकते. कारण: मेव्हणा.

नर्सनं वाचला, डोळे वटारले आणि काढून फाईलमध्ये ठेवला.

किती तरी तास वहिनी आणि आम्ही बाकावर बसून होतो. शेवटी डॉक्टरबाई बाहेर आल्या, दमलेल्या. त्यांनी तो टॅगच वहिनींच्या हातात दिला. खाली पेनानं लिहिलं होतं, 'काम ओके. जड उचलणे कायमचे बंद. मेव्हणासुद्धा.'

वहिनी तेव्हा कुठे रडल्या.

*

काही आठवडे पातळ, मग मऊ भात, आणि एक दिवस डॉक्टरबाईंनी भाकरीची परवानगी दिली. टेबलावर आम्ही आठ जण त्याच्या गळ्याकडे बघत बसलो. त्यानं इवलासा तुकडा चावला, चावला, चावतच राहिला. गिळला. पाच मिनिटं थांबला.

"काय वाटतंय?" मी विचारलं.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला, आणि डोळे पुसले. टेबलावर टाळ्या पडल्या!

*

प्रेसवरचं जड काम सुटलं. साहेबांनी त्याला सेफ्टी ट्रेनिंगला बसवलं. ज्याला वजन उचलायची बंदी, तो आता नव्या लोकांना कमरेत न वाकता, गुडघ्यात वाकून वजन कसं उचलायचं ते शिकवतो! उचलायचं रिकामं खोकं आणून द्यायला त्याला माणूस लागतो.

*

यंदा यात्रेला त्यानं आम्हाला सगळ्यांना नेलं. आणि मेव्हण्याची बैलं परत पहिली आली!

गुलाल उडाला. मेव्हणा शर्यतीच्या घाटावरून "दाजीऽऽ!" करत दोन्ही हात पसरून धावत आला. बाळूभाऊ जागच्या जागी थिजला. भावकी बघतेय, रीत तर मोडता येत नाही. मी मध्ये पडणार, तेवढ्यात सुमनवहिनींनी मला बाजूला सारलं. पदर कमरेला खोचला, पुढे झाल्या आणि नव्वद किलोच्या भावाला कवेत घेऊन वीतभर वर उचललं!

हलगी थांबली. सगळी यात्रा बघत राहिली.

आणि बाळूभाऊ? दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "अगं, गुडघ्यातनं उचल! कमरंतनं न्हाई!"