विरजणाच्या वाटीशेजारचा कर्नल

निमगाव केतकीच्या माझ्या मावशीच्या घरातून कुठलीही वस्तू सहजासहजी बाहेर जात नाही. तिच्या माळ्यावर तुटक्या पंख्याचं एक पातं आहे, तीन पिढ्यांचे चष्मे आहेत, आणि किल्ल्या हरवलेली कुलपं नि कुलपं हरवलेल्या किल्ल्या एकाच डब्यात गुण्यागोविंदानं नांदतात. काही टाकायचं म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: "असू दे, लागंल कवातरी." मी बारामतीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. जुनं काढा, नवं घाला, यावरच माझं पोट. त्यामुळे आम्हा दोघांचं हे भांडण माझ्या लहानपणापासून मोठ्या प्रेमानं चालत आलेलं आहे. गेल्या वर्षी तिच्या नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचा निकाल लागला. माझ्या विरुद्ध लागला, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, लाल गाडीवर कंडक्टर होते. आवाज असा, की इंदापूरच्या स्टँडवर त्यांनी "निमगाव!" म्हटलं की निमगावला न जाणारी माणसंसुद्धा उठून उभी राहत. लेकीच्या लग्नात त्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक गायलं होतं. गाता गाता त्यांना दिसलं, की दारात गर्दी तुंबली आहे. सूर न मोडता, त्याच चालीत, त्यांनी मध्येच म्हटलं, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" मांडव हसून हसून कोसळायचा बाकी राहिला.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता त्यांच्या मांडीवर पाटी-पेन्सिल असते आणि खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. एकदा टक केलं की 'इकडं बघा', दोनदा टकटक केलं की 'चला, निघा'. बाकी सगळं पाटीवर, आणि पाटीवरही त्यांची जीभ पहिल्यासारखीच तिखट आहे.

नातीनं हट्ट धरला: "आईच्या लग्नातलं आजोबांचं मंगलाष्टक माझ्या लग्नात त्यांच्याच आवाजात पाहिजे." त्या लग्नाची सीडी चरे पडून केव्हाच गेली होती. उरली होती ती मूळची, काड्यापेटीहून थोडी मोठी, कॅमेऱ्यातली कॅसेट. काकांचा आवाज जगात तेवढ्या एकाच ठिकाणी होता. शूटिंग मीच केलेलं. कॅमेराही माझाच, फक्त त्याचा पडदा आणि स्पीकर आता मेलेले. पण कॅसेट घेऊन मी दुकानात जाणार म्हटल्यावर मावशी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"कॅसेट घराबाहेर जायाची न्हाय. मागं बारशाच्या कॅसेटवर तू क्रिकेटची मॅच भरलीस."

"अगं, त्याला पंचवीस वर्षं झाली!"

"बारसं पुन्हा झालं न्हाय."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी कॅमेरा, वायर आणि त्या वायरीचं भोक असलेला माझ्याकडचा एकुलता एक म्हातारा लॅपटॉप स्कूटरवर घालून निमगावला हजर झालो. संध्याकाळी इंदापूरच्या कार्यालयात हळद होती, चारला जीप निघणार होती. ओट्यावर सगळं मांडलं, वायर जोडली, आणि लॅपटॉपनं कॅमेऱ्याला ओळखच दाखवली नाही.

कारण समजायला पाच मिनिटं लागली. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो घरातल्या कारभाऱ्यासारखा: पडदा, कळा, डिस्क, वायरी, सगळ्यांशी तोच बोलतो. मी टाकलेल्या नव्या आवृत्तीतल्या कारभाऱ्याला या जुन्या वायरीची भाषाच शिकवलेली नव्हती. आता कोण वापरतंय म्हणून कुणीतरी ती वगळली होती. उपाय एकच: कर्नलचा मूळ मजकूर उतरवून घ्यायचा, त्यात ही भाषा पुन्हा घालायची आणि सगळा कर्नल नव्यानं बांधायचा.

"कुणी लिवलंय हे एवढं?" पडद्यावरची अक्षरं बघून मावशीनं विचारलं.

"जगभरच्या हजारो लोकांनी. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढं द्यावं. बरेचजण फुकटच लिहितात."

"फुकट? मग त्यांच्या जेवणाचं कोण बघतं?"

टक. काकांनी पाटी वर केली: 'त्यांच्याबी मावश्या असत्याल.'

बांधण्याआधी कर्नलमध्ये काय ठेवायचं नि काय काढायचं याची यादी ठरवावी लागते. ती यादी काही संपत नाही. तिथं मावशी माझ्या शेजारी बसली, ही माझी पहिली चूक.

"रेडिओचं कार्ड. आपल्याला नको. काढू?"

"असू दे की."

"जॉयस्टिक, खेळायचा दांडका?"

"सुट्टीला पोरं येत्यात. असू दे."

"मावशी, हे सगळं ठेवलं तर या म्हाताऱ्या यंत्राला शिजवायला उद्याची दुपार होईल. अक्षता पडून माणसं जेवायला बसलेली असतील."

ती विचारात पडली. "मग काढ. पन इचारून काढ."

दहा गोष्टी मी विचारून काढल्या. मग दूध उतू जातंय का बघायला ती आत गेली आणि मी, खरं सांगतो, भूत अंगात आल्यासारखा सुटलो. हे काढ, ते काढ! तिच्या माळ्यावर तर कधी हात चालवता आला नव्हता, तो सगळा सूड मी त्या यादीवर उगवला. 'जुन्या पद्धतीच्या डिस्कची जोडणी' असं एक कलम आलं. हं, कुठल्या जमान्यातलं हे! काढलं.

कर्नलची बांधणी सुरू झाली. पडद्यावरून ओळींमागून ओळी धावत होत्या, लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. काका खुर्ची ओढून समोर बसले. मधेच त्यांनी पाटी दाखवली: 'गाडी फुल हाय, पन हालंना.' त्यांची चेष्टा चालली होती, पण दुसरा हात खिशातल्या चिमट्याशी सारखा चाळा करत होता, तो मला दिसत होता.

पाऊण वाजता बांधून झालं. आता नवा कर्नल जागेवर बसवायचा. पण या लॅपटॉपात कर्नल ठेवायचा कप्पा अगदी चिमुकला, आणि तो भरलेला. मी जुना कर्नल पुसायला घेतला. मावशी तिथंच, कोमट दुधाचं पातेलं आणि विरजणाची वाटी घेऊन दही लावायला बसली होती.

"काय पुसतोयस?"

"जुना कर्नल. नवा झालाय ना आता."

"नवा लागला का?"

"लागेल की!"

"मग लागल्यावर पूस." तिनं वाटी माझ्या नाकासमोर धरली. तळाला चमचाभर दही होतं. "नवं दही लागल्याबिगर मी जुनं कुणाला वाढत न्हाय. तुझा बाप आला हुता, त्यालाबी वाढलं न्हवतं."

"मावशी, हा संगणक आहे, दह्याचं पातेलं नाही."

"हात लाव त्याला, मग बघ!"

तिच्याशी वाद घालण्यापेक्षा मी त्या कप्प्यात डोकावलो. मीच केव्हातरी ठेवून विसरलेल्या दोन-तीन जाडजूड फायली तिथं निघाल्या. माझाही एक माळा होता म्हणायचा. त्या पुसल्या, जागा झाली. जुना कर्नल राहिला, त्याच्या शेजारी नवा बसला. मी हात झटकले, नाटकातल्या जादूगारासारखी बोटं हवेत फिरवली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

पडदा काळा. वर पांढरी अक्षरं. आणि शेवटी तो प्रसिद्ध शब्द: पॅनिक.

"म्हंजी काय?" मावशी.

"म्हणजे... तो घाबरलाय. उठला, पण त्याला स्वतःचं घर सापडत नाही."

सुडाच्या भरात मी ज्या डिस्कच्या जोडणीला जुनाट म्हणून हाकललं होतं, नेमकी तीच त्या लॅपटॉपात होती. दारच काढून टाकलं होतं मी. दीड वाजला होता. जुना कर्नल पुसला असता, तर चारच्या आत हे यंत्र पुन्हा उभं करणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं, आणि काकांचा आवाज त्या डबीतच राहिला असता.

टक. पाटी: 'त्यो घाबरला. तू घाबरू नको.'

मी लॅपटॉप बंद-चालू केला. यादी आली: नवा की जुना? जुना निवडला. तो मुकाट्यानं उठला, जसा रोज उठत होता. मावशीनं ती विरजणाची वाटी उचलून लॅपटॉपच्या शेजारी, मला दिसेल अशी ठेवली. दिवसभर ती वाटी तिथंच होती.

काढलेलं कलम परत घातलं. आधी बांधलेले भाग पुन्हा बांधावे लागत नाहीत, जेवढं बदललं तेवढंच बांधायचं. त्यामुळे अर्ध्या तासात काम झालं. या वेळी बोटं हवेत फिरवली नाहीत. नवा कर्नल उठला, त्याला घर सापडलं. वायर जोडली. कॅमेऱ्याचं नाव पडद्यावर उमटलं.

कॅसेट फिरायला लागली. मांडव दिसला, अंतरपाट दिसला. मग ओट्यावर तो आवाज आला. मावशीच्या हातातला पदर तोंडाशी गेला. काका डोळे मिटून ऐकत होते, ओठ अक्षरागणिक हलत होते. मंगलाष्टक पूर्ण उतरलं, सुखरूप. मग काकांनी पाटी ओढली: 'तिसऱ्या कडव्याला सूर खाली गेलाय.'

"काका, ते मधलं 'पुढं सरका' कापून टाकू का?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली. पाटीवर लिहिलं: 'असू दे.'

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या कार्यालयात अंतरपाट धरला गेला, भटजींनी माझ्याकडे मान डोलावली आणि मी लॅपटॉपची कळ दाबली. काका नातीच्या मागं उभे होते, ओठ मिटून. कर्ण्यातून त्यांचा आवाज निघाला. जुनी माणसं चमकली, एकमेकांकडे बघू लागली. नेहमीप्रमाणे सगळी गर्दी दाराजवळच्या पंख्याखाली तुंबलेली होती. तिसरं कडवं आलं, सूर जरासा खाली गेला, आणि मग: "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!"

आणि देवाशपथ सांगतो, माणसं सरकली. पंखा सोडून, खुर्च्या ओढत, हसत हसत, अख्खं कार्यालय चार पावलं पुढं आलं.

काकांनी खिशातून चिमटा काढला, वर धरला.

टकटक.

अंतरपाट खाली आला.