हळू आवाजातले मालक

बोलण्याआधी ते एकदा छताच्या कोपऱ्याकडं बघायचे. नुसतं "चहा घेणार का?" विचारायचं असलं तरी. मग आवाज खाली आणून म्हणायचे, "बसा नेते. आज कुणाची कंपनी बंद पाडलीत?"

मी चाकणच्या गेटांवर कंत्राटी कामगारांची पत्रकं वाटतो. हे गृहस्थ तिथंच एका कारखान्यात प्रेस मशिनवर होते. तेव्हा मशिनच्या आवाजातही त्यांची हाक ऐकू यायची. कंत्राट संपलं, चाळिशी उलटलेली, पुन्हा कुणी आत घेईना. मग वहिनींचे दागिने मोडून त्यांनी कासारवाडीत ऑनलाइन पार्सलं देण्याघेण्याची फ्रँचायझी घेतली. आम्ही त्यांना शेठ म्हणायला लागलो. त्यांना ते आवडायचं.

फायदे ते बोटांवर मोजायचे. "साहेब न्हाई, शिफ्ट न्हाई, गेटपास न्हाई. गिऱ्हाईक शोधायला नको, मोबाईलमधून येतंय. नाव कंपनीचं, गल्ला आपला. आन् सुट्टी आपल्या मनाची."

"मग शेवटची सुट्टी कधी घेतलीत?"

"मनात आली न्हाई अजून," म्हणून कोपऱ्याकडं बघत हसायचे.

कोपऱ्यात कंपनीनं बसवलेला कॅमेरा होता. दुकान उघडं आहे का, मालक खुर्चीत आहे का, अंगात कंपनीचा टी-शर्ट आहे का, सगळं म्हणे वरून दिसायचं.

"पण बघतं कोण?" मी एकदा चिडून विचारलं.

"ते कळलं असतं तर भ्यायलो कशाला असतो, राव? साहेबाच्या तोंडावरून तरी कळायचं, आज मूड कसाय."

एकदा वीज गेली. मी म्हटलं, आता तरी मोकळं बोला. त्यांनी अंधारात माझं मनगट धरलं. "गप. त्याला बॅटरी असती."

असे मालक तुमच्याही गल्लीत असतील, जरा नीट बघा. ज्याला स्वतःच्या दुकानात पाय लांब करून बसता येत नाही, त्याला मालक म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे. हे मी पत्रकात छापणार होतो. शेठनी हात जोडले. "लिहा, पण माझं नाव नको." म्हणून इथंही ते नाही.

मग एका सकाळी त्यांच्या मोबाईलवर ओळ आली: आपला आयडी तपासणीत आहे. कारण नाही, मुदत नाही. पार्सलांचा टेम्पो यायचा थांबला. तपासणी संपेपर्यंत दुकान रोज उघडं दिसलं पाहिजे, मालकानं दुसरं काम करता कामा नये. यातलं काही मोडलं तर आयडी कायमचा बंद आणि अनामत जप्त, असं करारातच होतं.

शेठनी हेल्पलाइन लावली. रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात तेच तेच सांगत होती. शेठ उभे राहून तिला म्हणत होते, "हो मॅडम. थँक्यू मॅडम."

"अहो, ते मशिन आहे!"

"असू दे. रेकॉर्ड होतंय."

मी उसळलो. "माणसं जमवतो. सभा घेऊ."

"कुठं?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. "तुमच्या सभेला गेट लागतं ना? ह्यांचं गेट दाखवा, मी पुढं चालतो."

करारावर फक्त एक ईमेल होता. मी पानं उलटून पत्ता शोधत राहिलो. ते मात्र रिकाम्या रॅकसमोर, इस्त्रीचा टी-शर्ट घालून, ताठ बसून राहिले. कपाळावर घाम होता, आणि तो पुसायलाही हात वर जात नव्हता.

परवा गेलो तर शटर वर होतं, पंखा चालू होता. खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. साडीवर तोच टी-शर्ट, पदर आत खोचलेला, मान सरळ.

"शेठ कुठं गेले, वहिनी?"

त्यांचे फक्त ओठ हलले. "हळू, भावजी. चाकणला टेम्पो भरायला जातात. हमाली. घरात काहीतरी यायला नको का? पण कळलं तर संपलंच. कुणी विचारलं तर आजारी आहेत म्हणा."

"कोण विचारणार, वहिनी?"

त्यांनी नुसतं कोपऱ्याकडं पाहिलं. हा प्रश्न मी तोंडावर हात धरून विचारला होता, हे रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं.